बासुंदीची पालथी वाटी

पुतण्याच्या लग्नाच्या पंगतीत हणमंतरावांनी बासुंदीची वाटी सरळ पालथी घातली, तेव्हा नवरीच्या वडिलांचा चेहरा उतरला.

"पाव्हणं, म्हशीचं आटीव दूध आहे. नाही म्हणायचं नाही."

"आज नको. आमची लेक उर्मिला पुण्यात तबल्याच्या स्पर्धेला बसलीय."

"मग तोंड गोड करायलाच पाहिजे."

हणमंतरावांनी गळ्यावरची बटणाएवढी चकती दाखवली आणि सगळं सांगितलं. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या उर्मिलाच्या चारही ग्रंथी सात वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये गेल्या, तेव्हापासून बापाच्या ग्रंथी या चकतीतून बिनतारी दोघांचं काम बघत होत्या. बापाचं कॅल्शियम उतरलं की ग्रंथी हाडांना हुकूम सोडत, 'काढा बाहेर', आणि तोच हुकूम लेकीच्या हाडांनाही पोचे. बाप दूध प्यायला की ग्रंथी निवांत, हुकूम बंद, आणि तिकडं कॅल्शियम उतरून लेकीची बोटं आखडलेली. मागं त्यांनी वाटीभर खरवस खाल्ला, तर ऐन परीक्षेत तिची बोटं घास भरवताना जुळतात तशी जुळली, ती सुटेचनात. परीक्षकांना वाटलं, नवीन घराणं आहे.

"म्हणजे सात वर्षं कोरा चहा?"

"कोरा."

तेवढ्यात फोन आला. उर्मिला पहिली आली होती. नवरीच्या वडिलांनी बासुंदीचं भांडं पुन्हा पुढं केलं. "आता तरी घ्या."

"अजून ढाल घ्यायचीय तिला. जड असते, दोन्ही हात उघडे लागतात," हणमंतराव म्हणाले, आणि पालथ्या वाटीवर त्यांनी दोन बोटांनी ऐटीत ताल धरला.