खुणेचं गाणं

टीव्हीवरच्या जीन्सच्या जाहिरातीतलं गाणं त्या वर्षी आष्ट्यात ज्याच्या त्याच्या तोंडी होतं, म्हणून तर नागसेननं खुणेला तेच निवडलं. बोळात त्या गाण्याची शिट्टी वाजली, की संयोगिता दळणाचा डबा उचलून गिरणीकडं निघायची, त्याला भेटायला. घरात कुणाला काय कळणार?

आज शिट्टी ऐकू आली तशी ती डबा घेऊन लगबगीनं सोप्यात आली, आणि जागीच थबकली. दादा पायात बूट चढवत तीच शिट्टी वाजवत होता.

हे गाणं तर सगळेच वाजवतात, तिनं स्वतःला समजावलं, आणि हळूच उंबऱ्याकडं वळली.

"डबा ठेव खाली," दादा म्हणाला. "अजून आला न्हाई त्यो."