चौतीस सेंटीमीटर

शिलाई मशीनवर तीन वस्तू होत्या: पृथ्वीगोल, दोरा, मापाची टेप. लेक पहिल्यांदाच कॅप्टन म्हणून मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला विमान नेत होती. किती तासांत पोहोचेल, ते दमयंतीबाई स्वतः मोजणार होत्या.

गोलाचा घेर भरला शंभर सेंटीमीटर. पृथ्वीचा चाळीस हजार किलोमीटर. दोन शहरांमध्ये दोरा ताणताच तो उत्तरध्रुवाजवळून गेला.

दीर हसले. “वहिनी, भरकटवलंत की विमान! नकाशावर सरळ रेघ मारा. वीस तास लागतील.”

“भाऊजी, अंगाचं माप कागदावर घेतात होय? ताणलेला दोरा जवळचीच वाट धरतो.”

दोरा चौतीस सेंटीमीटर, एका सेंटीमीटरला चारशे, म्हणजे तेरा हजार सहाशे किलोमीटर. विमानाच्या ताशी साडेआठशेच्या वेगाने सोळा तास.

दुसऱ्या दिवशी फोन आला. त्यांनी दिरांसमोरच विचारलं, “ध्रुवाजवळून गेलीस ना?”

“हो गं आई! तुला कसं कळलं?”

“आणि वेळ?”

“पंधरा तास अठ्ठावन्न मिनिटं.”