निखाऱ्याची परीक्षा

"इतक्या उशिरा नाही हो," सगुणा नवऱ्याचा सराव घेत म्हणाली. "चटका बसला की माणूस आधी हात झटकतो, मग ओरडतो."

भानजी लोहाराला चटका कसला ते ठाऊकच नव्हतं. चेटकिणीने अख्खं शहर मध्ययुगात ढकललं, त्याआधी तो जळत्या इमारतींत शिरून माणसं बाहेर काढायचा. बाकीचे सुपरहिरो तिच्या शिपायांनी हुडकून मारले होते. चेटूक मोडू शकेल असा हा एकटाच उरला होता.

दुपारी शिपाई आले. त्यांनी भानजीच्या तळहातावर निखारा ठेवला. त्याने हात झटकला, मग ओरडला. शिपाई हसत पुढच्या घरी गेले.

"जमलं बाई एकदाचं!" सगुणा म्हणाली.

भानजीने तळहात तिच्यापुढे धरला. त्यावर टरारून फोड आला होता.