अकरा हजार किलोमीटर

हेडक्लार्कसाहेबांची गाडी अठरा वर्षांची, पण मीटरवर जेमतेम अकरा हजार किलोमीटर. गेल्या तीन वर्षांत तर त्यांनी ती पार्किंगबाहेरही काढली नव्हती. दर रविवारी फक्त कव्हरवरची धूळ झटकायचे. बायकोला गाडीला हात लावायचीही बंदी होती, का तर वापरली की गाडी झिजते.

लेकीचे दिवस भरत आले, तेव्हा दवाखान्यात न्यायला हीच गाडी काढायची असं त्यांनी जाहीर केलं. लेकीला धास्तीच वाटली. "बाबा, इतकी जुनी गाडी वाटेत दगा नाही ना देणार?"

"गाडीचं वय बघू नये, मीटर बघावं," साहेब म्हणाले. तरी तिच्या समाधानासाठी त्यांनी मेकॅनिकला घरी बोलावलं.

"साहेब, उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. टायर तडकतात, ब्रेकचे पाइप कुजतात," असं बजावत तो गाडीखाली शिरला. अर्ध्या तासाने हात पुसत बाहेर आला, तो चक्रावूनच. "टायर नवे, ब्रेक चोख, ऑइलसुद्धा नुकतंच बदललेलं. खुशाल न्या."

साहेबांची छाती फुगली. "जपलीच आहे तशी."

"ते दिसतंच आहे. फक्त मीटरची केबल कुणीतरी काढून ठेवलीय, गाडी कितीही पळाली तरी आकडा हलायचा नाही."

 

साहेबांनी वळून पाहिलं, तर लेकीला शेजारी बसवून बायको आरशात बघत गाडी सफाईने पार्किंगबाहेर काढत होती.