लाकडी फरशीवरून

राजधानी बघायची इच्छा आईची होती. ती जाऊन तीन महिने झाले, आणि तेव्हापासून बाबांनी तिचा विषयच काढला नव्हता. म्हणून मीच त्यांना इथे घेऊन आले.

जुन्या राजवाड्यात लाकडी फरशीला चरे पडू नयेत म्हणून बुटांवर कापडी खोळी चढवायला देतात.

"फुकटात फरशी पुसून घेतायत लेकाचे," बाबा म्हणाले. एकमेकांचा हात धरून आम्ही सरसर पाय घासत निघालो.

तिसऱ्या दालनात मला आणखी एक सरसर ऐकू आली. मागे कुणीच नव्हतं. आम्ही थांबलो, तरी ती थांबली नाही. एक पाय किंचित ओढत ती माझ्या शेजारून पुढे गेली. मला भीती वाटली नाही. फरशीवर काही उमटलंय का, ते मी वाकून पाहिलं.

"बाबा, ऐकलंत?"

"पाय ओढत का होईना, तुझ्या आईला सगळ्यांच्या पुढे जायचं असतं," बाबा तीन महिन्यांत पहिल्यांदाच हसले.

पुढच्या दालनात आवाज थांबला, कुणीतरी वाट पाहत उभं राहिल्यासारखा.

"आलो गं, आलो," म्हणत बाबांनी माझ्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला.