प्रार्थनेतलं पहिलं नाव

“आणि हे प्रभू, एस्तेरला सांभाळ. तिला एकटं पडू देऊ नकोस.”

जीन्सचे धागे कापता कापता सुंदराची कात्री थांबली. प्रार्थना तिचा नवरा श्रीपाद करत होता. मग सुंदराचं नाव आलं आणि लगेच आमेन.

कॅम्प चार वस्तीतल्या त्या दीड खोलीत तो रोज सकाळी सहाला खुर्चीशी गुडघे टेकायचा. आधी चर्चच्या मंडळीतले आजारी, मग रविवारी त्याच्याकडे शिकायला येणारी मुलं, मग एस्तेर आणि सगळ्यांत शेवटी सुंदरा. चार वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता.

एस्तेर त्याची पहिली बायको. लग्न ठरताना त्यानं सरळ सांगितलं होतं, न्यूमोनियानं वारली, तिकडे नगरकडेच पुरली. घरात तिचा एक फोटो नव्हता. ईस्टरला मंडळीतली माणसं फुलं घेऊन कबरींवर जायची, तेव्हाही हा घरी बसायचा. सुंदराला त्याचं बरंच वाटायचं.

पण रोजचं ते नाव तिला सलायचं. ती बदलापूरच्या पलीकडच्या गावातली. लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला, प्रार्थना करायला श्रीपादनंच शिकवलं. माहेरी पितरांना पान वाढायचे, पण वर्षातून एकदा. इथे सवतीचं पान रोज वाढलेलं.

“मेलेल्या सवतीवर जळणारी तूच बघितली गं,” धागे कापायला सोबत बसणारी गोजरबाई हसली. “जिवंत असती तर काय केलं असतंस?”

“जिवंत असती तर भांडले तरी असते. हिच्याशी कशी भांडू? ना म्हातारी होते, ना तिची भाजी करपते.”

एका सकाळी आमेन झाल्या झाल्या तिनं चहा पुढे केला आणि विचारलं, “अहो, माझं नाव शेवटी का घेता?”

“देवाला काय, आधी घेतलं काय नि शेवटी काय.”

“मग तिचं शेवटी घ्या.”

श्रीपादनं कप खाली ठेवला.

“आणि एकटी कशी पडेल ती? तिथं देवदूत आहेत म्हणता ना? इथं तुम्ही चर्चच्या कामाला गेल्यावर एकटी मी पडते.”

“सुंदरा, माणूस चारचौघांत काहीही बोलतो,” तो हळूच म्हणाला. “गुडघ्यांवर मला खोटं बोलता येत नाही.”

“मग खरं सांगा. मी कितवी?”

त्यानं कप बाजूला सरकवला. शेवटी म्हणाला, “उद्यापासून तू पहिली.”

दुसऱ्या दिवशी खरंच आजाऱ्यांच्याही आधी तिचं नाव आलं. “सुंदराला सुखात ठेव. माझ्यामुळे तिला दुःख होऊ देऊ नकोस.” एस्तेर पार शेवटी गेली. सुंदरानं चार वर्षांनी मोकळा श्वास घेतला. त्या रात्री निजण्यापूर्वी तिनं स्वतःहून हात जोडले आणि एस्तेरच्या आत्म्याला शांती मागितली. जिंकल्यावर तेवढं द्यायला तिची हरकत नव्हती.

रविवारी मुलांसाठी तिनं मुद्दाम साजूक तुपातला शिरा केला. नऊ मुलं चटईवर दाटीवाटीनं बसली होती. ती बशा वाटत होती, तेवढ्यात रविनानं हात वर केला. तिचे आजोबा मंगळवारी अंबरनाथला वारले होते.

“सर, आज आजोबांचं नाव घ्या ना. तुम्ही रोज घ्यायचात.”

श्रीपादनं तिला जवळ बसवलं. “आजारी होते तोवर रोज घेतलं, पोरी. आता ते प्रभूजवळ आहेत. त्यांच्यासाठी मागायचं काही उरलं नाही. आपण आजीसाठी मागू, ती एकटी पडलीय.”

“पण मला आजोबांचंच घ्यायचंय,” रविनानं त्याची बाही ओढली. “तुम्ही नाही घेत कुणा मेलेल्या माणसाचं नाव?”

“नाही, बाळा,” कठीण धडा समजावताना बोलायचा तशा शांत, स्पष्ट आवाजात तो म्हणाला. “आयुष्यात एकदाही घेतलं नाही. मी नावं घेतो ती फक्त जिवंत माणसांची.”