पायाचा खर्च

वस्तादांनी तिचा कागद दोन्ही हातांत धरला, चष्मा कपाळावर ढकलला आणि अगदी डोळ्यांजवळ नेऊन वाचला. डावीकडे पिवळी गाडी, उजवीकडे राखाडी. खाली ओळीने इंधन, टायर, ब्रेक, क्लच, विमा, सर्व्हिसिंग. प्रत्येकापुढे वर्षाचा आकडा, बारीक, सरळ अक्षरात.

"तुम्ही केलंत, ताई?"

"हो. नेटवर बघून. दोघातिघांना विचारलंही."

"तरीच. नवऱ्यांच्या कागदावर खर्च कधी एवढा नसतो."

नवरा हसला. तो पिवळ्या गाडीभोवती तिसरी चक्कर मारत होता. दोन्ही जुन्या स्पोर्ट्स कार त्यांच्या मालकांनी वस्तादांच्या गॅरेजमध्ये विक्रीला लावल्या होत्या. घरात ठरलं होतं ते असं, की वर्षाचा खर्च त्याच्या एका पगारात बसला तर घ्यायची, नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कागदावर दोन्ही गाड्या पगाराबाहेर जात होत्या. तिने एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. फक्त जिथे दोन मिळाले, तिथे मोठा घेतला होता.

पैशांची तिला तेवढी धास्ती नव्हतीच. तो रोज सकाळी सातला एकटा कामावर निघायचा. "पस्तीस किलोमीटर, पंचवीस मिनिटांत!" असं तो फोनवर मोठ्या भावाला सांगायचा आणि ती मुलीला भरवता भरवता मनात भागाकार करायची. ती शेजारी बसली की हाच माणूस पन्नासच्या वर जात नसे. ती नसताना काय, हे कळायला मार्ग नव्हता. विचारलं असतं तर म्हणाला असता, "अगं, गंमत केली." खरं असतं तरी तेच म्हणाला असता.

"पिवळी पेट्रोल बेताचं पिते, पण टायर खाते," वस्ताद म्हणाले. "राखाडीचं उलटं. पण हे सगळं हवेतलं झालं. आत्ता कशातून आलात?"

नवऱ्याने दाराबाहेरच्या साध्या पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं.

"किल्ली द्या."

"अहो, तिचा काय संबंध?"

"पाय तोच ना, साहेब? निम्मा खर्च गाडीचा असतो, निम्मा पायाचा. आणि मला दोन्हीकडून कमिशन सारखंच. खोटं कशाला बोलू?"

गाडी आत आली, जॅकवर चढली. वस्तादांनी पुढचं चाक उतरवलं आणि टॉर्च घेऊन उकिडवे बसले. तिने मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. दोन पावलं पुढे सरकली. चार वर्षं रोज सकाळी ही गाडी कोपऱ्यावरून वळली की तिला दिसेनाशी व्हायची. त्यापुढचं सगळं आता वस्तादांना दिसत होतं. मुलगी तिचे केस ओढत होती, ते तिला कळलंही नाही.

"किती किलोमीटर झाले?"

"बहात्तर हजार," नवरा म्हणाला.

"ब्रेक पॅड कधी बदलले?"

"नाही बदलले. म्हणजे, बदलायला हवे होते का?"

वस्तादांनी पॅडवर टॉर्चचा उजेड टाकला. टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या बाजूचं चाकही उतरवलं. तिथेही अंगठा फिरवला.

"ही चालवतं कोण? वडील?"

नवऱ्याचे कान लाल झाले. "मीच."

"रोज?"

"रोज."

"दुसरं कुणीच नाही?"

"नाही," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "तोच एकटा."

"मग हे पॅड अजून वीस हजार जातील. टायरच्या कडा बघा, नखभर घासलेल्या नाहीत. वळणावर वाटीतलं दूध सांडू नये अशी वळवलीय." वस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि कागद बॉनेटवर पसरला. टायर निम्मे केले. ब्रेक जवळजवळ खोडून टाकले. क्लचपुढे तिने लिहिलेला आकडा बघून नुसतेच हसले. बेरीज दोनदा तपासली. "घ्या. पिवळी बसली पगारात. वर थोडे उरलेही."

नवरा कागदाकडे बघत नव्हता.

"पण एक विचारू का, साहेब? राग मानू नका. या पायाला स्पोर्ट्स कार कशाला?"

तो पिवळ्या गाडीच्या दारावरून हात फिरवत राहिला.

"आवडते त्याला," ती म्हणाली. "उद्या येतो, काका, पैसे घेऊन."

परतताना मुलगी मागे तिच्या सीटमध्ये झोपली. रस्ता लांब होता, सरळ, आणि दुपारचा जवळजवळ मोकळा.

"दादा त्याचं सांगतो ना, वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं," तो म्हणाला. "मग मी काय सांगू? पन्नास?"

"पन्नास लागतात?"

"कधीकधी पंचावन्न."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. हसू आवरेना, म्हणून ओठ मिटून घेतले. मागून भाजीचा टेम्पो आला, हॉर्न वाजवत त्यांना ओलांडून गेला आणि लांब जाऊन ठिपक्याएवढा झाला. तिने वळून मुलीचा पट्टा नीट बसलाय ना ते पाहिलं आणि पुन्हा समोर तोंड केलं.

"जरा दाब की," ती म्हणाली.